प्रश्न वाचकांचे : पडदा, टॅब आणि अपूर्णांकांची बेरीज

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग घेते. लोकसहभागातून शाळेला प्रोजेक्टर आणि काही टॅब मिळाले आहेत. डी.एड.ला वर्तनवाद (सराव आणि लगेच मिळणारा प्रतिसाद यांतून शिकणे), ज्ञानरचनावाद (मुलाने स्वतःच्या अनुभवातून ज्ञान उभारणे) हे सारे परीक्षेपुरते पाठ केले होते. आता प्रशिक्षणात ‘तंत्रज्ञान वापरले की वर्ग ज्ञानरचनावादी होतो’ असे ऐकते. मुले अपूर्णांकांचा व्हिडिओ आवडीने पाहतात, टॅबवरच्या बहुपर्यायी चाचणीत गुणही मिळवतात; मात्र आठवड्याने पाटीवर १/२ + १/३ = २/५ असेच लिहितात. कमी कुठे पडते?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : प्रशिक्षणातले ते विधान फारसे मनावर घेऊ नका. टॅबवरची चाचणी बहुतेक वेळा वर्तनवादाच्याच घराण्यातली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले, तेव्हा त्यांना दोन गोष्टी खटकल्या : सर्व मुलांना एकाच गतीने पुढे जावे लागत होते आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना फार उशिरा कळत होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अध्यापन यंत्र तयार केले. त्यात मुलाने कागदाच्या पट्टीवर उत्तर लिहायचे आणि खटका सरकवून लगेच बरोबर उत्तराशी ताडून पाहायचे, अशी सोय होती. गंमत म्हणजे बहुपर्यायी प्रश्न स्किनर यांना पसंत नव्हते. उत्तर नुसते ओळखू नये, ते स्वतः तयार करावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे तुमच्या टॅबवरची चाचणी त्यांच्याही कसोटीला पुरती उतरत नाही.

पाढे किंवा शुद्धलेखन यांच्या सरावाला असे साधन जरूर वापरावे. अपूर्णांकांची अडचण मात्र निराळी आहे. २/५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. पूर्ण संख्यांच्या बेरजेत आजवर कामी आलेला नियम ते वरच्या अंकांना आणि खालच्या अंकांना सारख्याच इमानाने लावत असते. मूल नवे ज्ञान जुन्या समजुतीच्या चौकटीत बसवून घेते आणि ती चौकट अपुरी पडल्याचे जाणवले तरच ती बदलते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचे म्हणणे इथे उपयोगी पडते. पडद्यावरची लाल फुली त्या नियमाला धक्का लावत नाही. ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा ठेवला, तर ती अर्धीपेक्षा कमी होईल का?’ असे विचारा आणि २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, हे कागदाच्या दोन सारख्या पट्ट्यांना घड्या घालून मुलांनाच पाहू द्या. सहा सारखे भाग केले की तीन आणि दोन मिळून पाच, हे त्यांच्या हातात येते. व्हिडिओ त्यानंतर लावा, तोही उत्तर येण्याआधी थांबवून.

पडद्यावरही ज्ञानरचना घडू शकते. जिनिव्हात पियाजे यांच्याबरोबर काम केलेले सेमूर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातल्या कासवाला, म्हणजे सरकत रेषा काढणाऱ्या खुणेला, आज्ञा देऊन आकृत्या काढता येतात. समभुज त्रिकोण काढताना मुले हमखास ‘६० अंश वळ’ अशी आज्ञा देतात आणि रेषा षटकोनाच्या वाटेला लागते. त्रिकोणाचा आतला कोन ६० अंशांचा असला, तरी कासव वळते ते बाहेरच्या कोनातून (बाह्यकोनातून), म्हणजे १२० अंशांतून. तिथे चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही, ती समोर काढलेली दिसते आणि आज्ञा दुरुस्त करावीशी वाटते.

आता आठवड्याने विसरण्याविषयी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी सरस ठरले, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तेव्हा तोच व्हिडिओ दुसऱ्यांदा दाखवण्यापेक्षा प्रोजेक्टर बंद करून पाट्या काढायला सांगा. टॅब कमी असल्याची खंत नको. दोघांत एक टॅब असला की एकाला दुसऱ्याशी बोलावेच लागते. मूल जाणत्याच्या मदतीने आज जे करते, ते पुढे एकट्याने करू लागते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की सांगत, आणि तो जाणता सोबती वर्गातलाच असला तरी चालते.

प्रश्न : मी सेमी इंग्रजीच्या आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. स्लाइडवरचा मजकूर वर्गात वाचून दाखवावा का?
— एक शिक्षक, नांदेड

उत्तर : पूर्ण परिच्छेद लिहून तोच वाचू नये. आकृती, लेखी मजकूर आणि तुमचा आवाज हे तिन्ही एकाच वेळी आले, की आकृतीकडे द्यायचे लक्ष मजकुरात अडकते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. सेमी इंग्रजीत मात्र एक सवलत घ्यावी : ‘रिफ्रॅक्शन’ (प्रकाशाचे अपवर्तन) यासारखी अनोळखी संज्ञा कानावर पडताच तिचे स्पेलिंग डोळ्यांसमोर असणे विद्यार्थ्यांना आधाराचे वाटते. म्हणून स्लाइडवर आकृती आणि तिच्या त्या-त्या भागाशेजारी संज्ञा एवढेच ठेवा, खाली वेगळी सूची नको. स्पष्टीकरण तोंडी आणि मराठीत द्या. किरणाकृती तर शक्य असेल तेव्हा फळ्यावरच काढा, कारण आधी कोणती रेषा आणि मग कोणती, हा क्रम तयार स्लाइडवर दिसत नाही.