येऊ घातलेला बोर्ड गेम एकट्याने खेळायला चांगला असेल का, हे आधी कसं ओळखायचं?

खोक्यावरच्या ‘१ ते ४ खेळाडू’ या आकड्यावर जाऊ नका. प्रकाशकाने नियमपुस्तिकेची पीडीएफ टाकली असेल तर त्यातलं एकट्याच्या खेळाचं पान आधी वाचा. तिथे नुसतं ‘जास्तीत जास्त गुण मिळवा आणि तक्त्यात बघा’ एवढंच असेल, तर दोन-चार डावांत कंटाळा येतो. चांगला सोलो मोड (एकट्याने खेळायचा प्रकार) तुमची अडवणूक करतो. २०१९च्या विंगस्पॅन या पक्ष्यांचे पत्ते गोळा करण्याच्या खेळामध्ये ‘ऑटोमा’ नावाचा, पत्त्यांवर चालणारा प्रतिस्पर्धी आहे: तुमची चाल झाली की त्याचा एक पत्ता उलटायचा, आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत नेमका हवा असलेला पक्षी उचलून नेतो, फेरीच्या उद्दिष्टांवरही हक्क सांगतो. त्याच्याकडे पालथ्या ठेवलेल्या पक्ष्यांच्या प्रत्येक पत्त्याला ३, ४ की ५ गुण द्यायचे, यावर काठिण्य ठरतं. अशी तजवीज दिसली तर बिनधास्त खरेदीच्या यादीत घाला. फ्रायडे (२०११) किंवा अंडर फॉलिंग स्काइज (२०२०) यांसारखे मुळातच एकट्यासाठी रचलेले खेळ असतील तर प्रश्नच नाही. एक मात्र आहे: क्राउडफंडिंगच्या (खेळ बनवण्यासाठी लोकांकडून आधीच पैसे गोळा करण्याच्या) वेळची पुस्तिका कच्ची असू शकते आणि नियम पुढे बदलतात, त्यामुळे ‘सोलो मोड नंतर जोडू’ एवढंच आश्वासन असेल तर थांबलेलं बरं.