सरकारी कार्यालयात नवी पद्धत टिकवायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

सरकारी आणि सार्वजनिक संस्थांमधले नवे उपक्रम वर्ष-दोन वर्षांत का विरून जातात, आणि नोकरीत नव्याने आलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. अशाच एका कार्यालयात मी बरीच वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

कल्पनांची वानवा तिथे नसते. अर्जातला कोणता रकाना निरुपयोगी आहे, हे खिडकीवरच्या कारकुनाला नेमके ठाऊक असते. अडचण अशी की जुन्या पद्धतीने रोज कितीही लोकांचा वेळ वाया गेला तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही, पण नवी पद्धत एकदा जरी चुकली तरी नस्तीवर, म्हणजे फाइलवर, ज्याची सही असेल त्याला लेखी खुलासा द्यावा लागतो.

आमच्या एका अर्जाला पूर्वीच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडावी लागे, आणि तो दाखला आमच्याच कार्यालयाने दिलेला असे. ही प्रत पुढे कोण वाचते याचा मी माग काढला, तेव्हा कळले की छाननी करणारा ‘जोडली आहे’ असा शेरा मारून पान उलटतो आणि पडताळणी मूळ नोंदवहीतूनच करतो. प्रत मागणे बंद करावे अशी टिपणी मी सादर केली. विधी, लेखा आणि अभिलेख या तिन्ही शाखांनी हरकत नसल्याचे तोंडी सांगितले, पण तसे लेखी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी आमच्या वरिष्ठ मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर, एकाच खिडकीपुरती, तीन महिन्यांची परवानगी दिली. रांग डोळ्यांना दिसेल इतकी आखडली आणि एकही तक्रार आली नाही. मात्र मॅडमची बदली होताच प्रत पुन्हा मागितली जाऊ लागली, कारण आम्ही ना आधीच्या वेळेची नोंद ठेवली होती, ना नियमात दुरुस्ती करून घेतली होती. त्याची खंत मला अजून आहे.

एस्टोनियाने ही गोष्ट व्यक्तीच्या धाडसावर सोडली नाही. एकच माहिती गोळा करण्यासाठी दुसरी स्वतंत्र नोंदणी उभारायला तिथे कायद्यानेच मनाई आहे, आणि २००१ पासून एक्स-रोड या प्रणालीद्वारे सरकारी खाती ती माहिती एकमेकांकडून घेतात.

मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते मेक्सिकोचे उदाहरण. मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना तिथे १९९७ मध्ये सुरू झाली. योजना टप्प्याटप्प्यानेच पसरणार होती. त्याचा उपयोग करून मूल्यमापनासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना मदत आधी आणि उरलेल्या १८६ गावांना नंतर देण्यात आली. आधी कोण, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडतीसारखे, ठरले, आणि बाहेरच्या संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली. २००० मध्ये सत्तांतर झाले, सात दशके सत्तेत असलेला पक्ष हरला, तरीही योजना बंद पडली नाही. नाव बदलून ती शहरांपर्यंत वाढवली गेली. हाती असलेला पुरावा हे त्याचे एक मोठे कारण होते, असे माझे मत आहे.

थांबण्याची तयारीही तितकीच हवी. फिनलंडने २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षे २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो बिनशर्त देऊन पाहिले. मुदत आधीच ठरलेली असल्याने ती संपल्यावर प्रयोग थांबला, आणि त्याचे निष्कर्ष, रोजगारावरचा परिणाम किरकोळ असल्याच्या कबुलीसह, प्रसिद्ध झाले.

म्हणून आपण सुरुवात मोठ्या संगणकप्रणालीने करू नये. आपल्या टेबलावरचा एकच अर्ज घ्यावा, आज त्याला किती दिवस लागतात ते महिनाभर लिहून ठेवावे, आणि प्रयोगाची मुदत व तो थांबवण्याचा अधिकार कोणाकडे, हे पहिल्याच टिपणीत नमूद करावे. प्रयोग यशस्वी झाला तर नियमात कोणता शब्द बदलायचा, त्या दुरुस्तीचा मसुदाही त्याच नस्तीत लावून ठेवावा, म्हणजे मधल्या काळात आपली बदली झाली तरी नव्या अधिकाऱ्याला फक्त सही करायची उरेल.