बॅरलचं तापमान वाढवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचे आकडे मिळाले. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ४० टक्के कॅल्शियम कार्बोनेट टाकलंस, एमएफआय (ठरावीक वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वितळलेला माल वाहतो तो आकडा) १२ वरून ४ वर आला, आणि आता बॅरलचं, म्हणजे माल वितळवणाऱ्या यंत्राच्या गरम नळकांड्याचं, तापमान २० अंशांनी वाढवायचं तुझ्या मनात आहे. जरा थांब. आधी कागद-पेन्सिल घे.

तुझे ४० टक्के वजनाचे आहेत. मेल्टला, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकला, वजनाशी देणंघेणं नाही, त्याला जागा लागते. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९, कार्बोनेटची २.७. म्हणजे शंभर ग्रॅम मालात ६७ घनसेंटिमीटर प्लास्टिक आणि जेमतेम १५ घनसेंटिमीटर भुकटी. आकारमानाने फिलर, म्हणजे भर घातलेली भुकटी, १८ टक्केच. आइन्स्टाइनचं सूत्र सांगतं की विरळ मिश्रणात चिकटपणा (वाहण्याला होणारा विरोध) कणांच्या आकारमानाच्या टक्क्यांच्या अडीच पटीने वाढतो. (१९०६ मध्ये छापलेल्या त्याच्या आकडेमोडीत चूक होती, प्रयोगाशी मेळ बसेना म्हणून १९११ मध्ये त्याने ती दुरुस्त केली. तेव्हा तुझं गणित चुकलं तर लाजू नकोस.) १८ टक्के म्हणजे विरळ नव्हे, कणांची एकमेकांना अडचण व्हायला लागते. ती धरून हिशेब केला तरी चिकटपणा पावणेदोन पटीच्या आसपास जायला हवा.

तुझा मात्र तिपटीने गेलाय. खरं तर त्याहून जास्त, कारण एमएफआय आपण ग्रॅममध्ये मोजतो आणि तुझा फिलर भरलेला माल जड आहे. आकारमानात पाहिलंस तर प्रवाह चौपटीने घटला. हा जो फरक उरतो, तो फिलरच्या प्रमाणातून येत नाही. तो आला कुठून, तेच शोधायचं आहे.

४० खरंच ४० आहेत ना, एवढं मात्र आधी बघून घे. थोडा माल भट्टीत जाळून राख तोल, पण भट्टी ६०० अंशांच्या आत ठेव. मी नवखा असताना घाईत ९०० वर लावली होती. राख २२ टक्केच भरली आणि मी फीडरवरच्या (भुकटी मोजून आत सोडणाऱ्या यंत्रावरच्या) माणसाला सगळ्यांसमोर झापलं. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून मागे नुसता चुना उरला होता. त्याची माफी मागायला मला दोन दिवस लागले.

राख बरोबर निघाली, तर माझा संशय गाठींवर. दोन-तीन मायक्रॉनचे कण एकमेकांना घट्ट धरतात. अशा गाठीच्या पोटात थोडा मेल्टही अडकतो आणि वाहायचं सोडून गाठीसोबत नुसता फिरत राहतो. म्हणजे मेल्टच्या दृष्टीने फिलर १८ टक्के राहतच नाही, २५-३० टक्क्यांसारखा वागतो. दोन गरम पत्र्यांमध्ये चिमूटभर माल दाबून पातळ फिल्म कर आणि उजेडासमोर धर. चांगल्या मालाची फिल्म एकसारखी दुधट दिसते. वाईट मालात खसखशीसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि ठिपक्यावर नख फिरवलं की ते खरखरतं.

ठिपके दिसले तर भुकटी कुठून टाकतोस ते बघ. दाण्यांसोबत मुख्य हॉपरमधून टाकली, की दाणे वितळण्याआधीच ती दाणे आणि बॅरलच्या भिंतीमध्ये दाबली जाते. आपणच तिच्या वड्या पाडतो आणि पुढे नीडिंग ब्लॉकने, म्हणजे स्क्रूच्या मळणाऱ्या भागाने, त्या फोडत बसतो. बॅरलला मध्येच बाजूने जोडलेला साइड फीडर असेल तर मेल्ट तयार झाल्यावर भुकटी आत सोड. बारीक भुकटी भरपूर हवा घेऊन येते, म्हणून त्या हवेला बाहेर पडायला व्हेंट मोकळा ठेव. व्हेंट तुंबला तर हवा उलटी फिरते आणि फीडर उचक्या देतो. शिवाय स्टिअरिक ॲसिडचा लेप दिलेला ग्रेड मागवून बघ. लेप असला की कणांची आपसातली पकड सुटते. लेप जास्त झाला तर तो साच्यावर साचतो, हेही ध्यानात ठेव.

आता तापमान. ते वाढवायला मी नको म्हणतोय, कारण एमएफआयचं यंत्र मेल्टला अगदी सावकाश ढकलतं आणि फिलरचा त्रास सावकाश वाहतानाच सर्वांत जास्त दिसतो. मोल्डिंगमध्ये शिअर रेट, म्हणजे मेल्टचे थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग, शेकडो पटींनी जास्त असतो. कण स्वतः ताणले जात नाहीत, त्यामुळे सगळा ताण मधल्या पातळ थरातल्या प्लास्टिकवर येतो आणि ते लवकर सैल होतं. भरलेला आणि न भरलेला माल तिथे एकमेकांच्या बरेच जवळ येतात. एमएफआय ४ बघून घाबरलेल्या लोकांचा साचा इंजेक्शनचा वेग थोडा वाढवताच भरलेला मी पाहिलाय.

दुसरं असं, की हा माल घासून घासून स्वतःच तापतो. पॅनेलवर २२० दिसतात म्हणून मेल्ट २२० वर आहे असं समजू नकोस. थोडा माल बाहेर काढून त्यात सुईचा थर्मोकपल (तापमापक) खुपस. वर २० अंश चढवलेस, तर वास आणि पिवळेपणा आधी येईल, प्रवाह नंतर. आणि कधी फिलर म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड वापरलंस तर ते २०० अंशांच्या आसपासच पाणी सोडू लागतं. तिथे असं धाडस अजिबात नको.

साच्यात मात्र हा माल लवकर थिजतो, कारण कार्बोनेट उष्णता प्लास्टिकपेक्षा कितीतरी सहज पुढे नेतं. जुन्या सेटिंगमधला होल्डिंगचा (साचा भरल्यावर दाब धरून ठेवण्याचा) वेळ तसाच ठेवू नकोस. एकेक सेकंद कमी करत भागाचं वजन कर. जिथे वजन घटायला लागेल, त्याच्या जरा वर थांब.

ग्लास फायबरचं तू ओझरतं विचारलंयस. तिथे उलटं आहे, जास्त मळलंस तर फायबर तुटतात. त्यावर सवडीने लिहीन.

तोवर सुईने मोजलेलं तापमान आणि फिल्मचा एक तुकडा पाठव. तुकड्यावर भुकटी कुठल्या फीडरमधून टाकली तेही लिही.

तुझा,
जुना मेल्टवाला