वाचक विचारतात : तेल रशियाचं, दंड कोळंबीला?

प्रश्न : आमची हर्णैला बोट आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा एजंट म्हणाला, आता कोळंबीला उठाव नाही, आणि भाव पाडला. तेल घेतलं रशियाकडून आणि दंड मच्छीला, हे काय? बाबा म्हणतात एकदाची कुणाची तरी बाजू धरा नि मोकळे व्हा, सगळ्यांशी गोड बोलून कसं चालेल? – एक वाचक, हर्णै

उत्तर : आधी तुमच्या एजंटचं बघू. तुमच्या बोटीची कोळंबी अमेरिकेला जातच नाही हो, समुद्रात पकडलेली भारताची कोळंबी त्यांनी २०१९ पासूनच बंद केलीय, कारण जाळ्यातून कासवं निसटायला जी सोय लागते ती आपल्या ट्रॉलरना नसते. (आणि तुमच्या शेजारी आंजर्ल्याला आपण कासवांची अंडी राखत बसतो!) तिकडं जाते ती तळ्यातली, मुख्यतः आंध्रातली. ती अडकली की इथल्या बाजारात येऊन भाव पाडू शकते हे खरं, पण एजंटनं त्यात आपलीही हातसफाई केली असणार.

आता बाबांचं. व्यापार, भांडण, मैत्री अशी प्रत्येकाची वेगळी वही ठेवायची हे आपल्याकडं नवीन नाही. १६६० ला पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, तर महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली आणि साहेबांना कैदेत टाकलं. तेच इंग्रज १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर तह करायला आले. व्यापाराला परवानगी मिळाली, मालावर अडीच टक्के जकात ठरली, पण जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करा म्हणाले तर ते काही महाराजांनी ऐकलं नाही. आणि मधल्या काळात तोफा फ्रेंचांकडूनही घेतल्या. याला कुणी दुटप्पीपणा म्हणत नाही ना?

ट्रम्पसाहेबांनी नेमक्या या वह्या एकत्र केल्या. आधी २५ टक्के व्यापाराच्या नावावर, मग २७ ऑगस्टपासून आणखी २५ रशियन तेलाच्या नावावर. गंमत म्हणजे रशियाचं तेल आपल्यापेक्षा चीन जास्त घेतो, त्याला हा तेलाचा दंड तेव्हा लावला नाही, कारण गाड्यांपासून लढाऊ विमानांपर्यंत लागणारे ते रेअर अर्थ मॅग्नेट (दुर्मिळ धातूंचे चुंबक) चीनच्या हातात आहेत आणि एप्रिलमध्येच त्यानं निर्यातीला लगाम घालून दाखवला होता. तुम्ही लिलावात बघताच की, ज्याच्या टोपलीत पापलेट त्याच्याशी व्यापारी अदबीनं बोलतो, बांगडेवाल्याला तंगवतो.

आपली टोपली कशी आहे? २०२४-२५ ला अमेरिका आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ८६ अब्ज डॉलरच्या वर माल गेला. चीनशी उलटं, ९९ अब्जांच्या आसपास तूट, म्हणजे गलवानमध्ये २० जवान गेले, चिनी ॲप बंद केली, तरी औषधांचा कच्चा माल नि मोबाईलचे पार्ट तिकडूनच. त्यामुळं एकाची बाजू धरा म्हणणं सोपंय, पण धरली की दुसरा लगेच काहीतरी अडवणार आणि ज्याची धरली तो आपल्याला गृहीत धरणार. मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट. पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांशी घरचं भांडण मिटवायला इंग्रजांना बोलावलं, १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि मग या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं कोण उरलं? बाबांना एकदा विजयदुर्गाला घेऊन जा.

प्रश्न : वह्या एकत्र केल्याचा आपल्याला कधी फायदा झालाय का? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : झालाय, आणि तुमच्याच हापूसला! अमेरिकेचं दार आंब्याला कित्येक वर्षं बंद होतं, २००६ ला बुश अणुकराराच्या बोलण्यासाठी दिल्लीला आले तेव्हा आंब्याचाही विषय निघाला आणि २००७ ला पेट्या निघाल्या. बदल्यात त्यांच्या हार्ले डेव्हिडसनला आपण वाट करून दिली. फक्त किडीसाठी आंब्याला किरणांतून काढायची अट होती आणि ती सोय तेव्हा नाशिककडं लासलगावला, त्यामुळं कोकणातला आंबा आधी घाट चढून कांद्याच्या गावाला गेला नि मग विमानात बसला.