बोट विकायची नाही, मग दलालाला किती द्यायचं?

प्रश्न : रामटेकजवळ खिंडसी तलावावर माझी फायबरची इंजिनबोट आहे. सहा लाखांना विकायला एका दलालाला सांगितलं होतं, 3 टक्के दलाली तोंडी ठरली. पाच महिन्यांत त्याने चार गिऱ्हाइकं आणली, दरवेळी बोट पाण्यात घालून दाखवली. एकाने साडेपाच लाख सांगितले, मी होकार दिला नाही. आता पुतण्या बोट चालवायची म्हणतो. दलालाला काय द्यावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : साडेपाच लाखांना तुम्ही व्हॉट्सअॅपवर तरी ‘चालेल’ म्हटलं होतं का, बयाणा घेतला होता का, हे आधी तपासा. तसं असेल तर पूर्ण दलाली द्या, 16,500 रुपये. गिऱ्हाईक पक्कं करून देण्याचं काम त्याने केलं. मन तुमचं बदललं.

तसं नसेल तर पूर्ण दलाली लागू होत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 219 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच मोबदला देणं लागतं. मात्र ‘सहा महिने तुमच्याकडेच’ असा शब्द दिला असेल, तर सबळ कारणाशिवाय मधेच काढून घेतल्याबद्दल कलम 205 खाली भरपाई मागता येते.

तरी रिकाम्या हाताने पाठवू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट पडते की नाही, हे दाखवायला त्याने चारदा बोट पाण्यात घातली, अर्धा-अर्धा दिवस घालवला. हिशेब असा करा : नागपूर-खिंडसी जाऊन-येऊन सुमारे 100 किमी, चार फेऱ्यांचे 400 किमी, दहा रुपये दराने 4,000. चार अर्ध्या दिवसांचे हजारप्रमाणे 4,000. ट्रायलचं पेट्रोल आणि जाहिरात पावतीप्रमाणे. एकूण दहा हजारांच्या आसपास बसेल. पूर्ण दलालीच्या वर जाऊ देऊ नका. पेट्रोल तुम्ही भरलं असेल तर ते वजा करा.

पुतण्याचं कारण खरं सांगा, आणि विक्री थांबवल्याचं आजच लेखी कळवा, म्हणजे तो पाचव्या गिऱ्हाइकाला घेऊन निघणार नाही. चावी आणि नोंदणीची मूळ कागदपत्रं परत घ्या. पैसे यूपीआयने द्या, ‘बोटविक्रीच्या खर्च व श्रमापोटी, पूर्ण हिशेब’ असं लिहून घ्या.

त्याच पावतीवर आणखी एक ओळ हवी : त्याने आणलेल्या चौघांपैकी कुणाला सहा महिन्यांत बोट विकली, तर ही रक्कम वजा करून उरलेली दलाली त्याला मिळेल.