अवेळी पडलेला बर्फ आणि दारची जनावरं

प्रश्न : यंदा बर्फ महिनाभर आधीच पडला. दोन गाई, सहा शेळ्या आणि कोंबड्या आहेत. गोठा चहूबाजूंनी ताडपत्रीने बंद केला, तरी सकाळी शेळ्या खोकत होत्या आणि पत्र्यातून थेंब गळत होते. काय चुकलं?

उत्तर : ताडपत्री वरपर्यंत बांधली, ते चुकलं. गळणारं पाणी बर्फाचं असेलच असं नाही. जनावरांच्या श्वासाची आणि मुताची वाफ गार पत्र्याला लागून तिचंच पाणी होतं. त्यात अमोनिया कोंडला की खोकला आलाच. खालची बाजू बंदच ठेवा, पण छताच्या कडेला, जनावरांच्या पाठीच्या बऱ्याच वर, वीतभर फट मोकळी सोडा. मग गव्हाणीजवळ उकिडवे बसून पाहा. डोळे चुरचुरले तर हवा अजून कोंडलेलीच आहे. बसलेल्या जनावराच्या उंचीवर कागदाची पट्टी धरा, ती फडफडता कामा नये. पेंढ्यावर गुडघे टेकून पंधरा सेकंद थांबा. गुडघे ओले झाले तर वर नवा कोरडा पेंढा पसरा.

हिवाळी केस येतात ते मुख्यतः दिवस लहान होत गेल्यामुळे. बर्फ लवकर आला म्हणून ते लवकर येत नाहीत. शिवाय असा लवकरचा बर्फ बहुधा ओला असतो आणि खरा घात ओल करते. अंग भिजलेल्या गाईला पारा साधारण १५ अंशांखाली गेला की लगेच ऊब टिकवायला जादा ताकद खर्चावी लागते. कोरड्या, दाट केसांची गाय शून्याच्या आसपासही निभावून नेते. म्हणून भिजलेलं जनावर आधी गोणपाटाने केसांच्या उलट दिशेने चोळून कोरडं करा. पाठीवरचा भुरभुरीत बर्फ न वितळता तसाच राहिला, तर घाबरू नका. अंगातली ऊब बाहेर जात नाही, असा त्याचा अर्थ.

थंडीत खुराक वाढवण्याचा मोह होतो, तो आवरा. धान्य एकदम वाढवलं की पोटात आम्ल होतं. वाळलेलं गवत वाढवा आणि जादाचा वाटा संध्याकाळी घाला, कारण ते पोटात आंबताना रात्रभर ऊब देतं. पाणी दिवसातून दोनदा कोमट द्या. गाय बर्फ चाटून भागवेल यावर विसंबू नका, पाणी कमी पडलं की ती वैरणही कमी खाते. बादली रबरी घ्या, उलटी करून ठोकली की बर्फ निघतो. प्लास्टिकची तडकते.

प्रश्न : कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. खुराड्यात बल्ब लावू का?

उत्तर : नको. पेंढा, पिसं आणि तापलेला बल्ब एकत्र आले की आगीची भीती. तुरा काळा पडतो तो थंडी आणि दमट हवा एकत्र आल्याने. रात्री पाण्याचं भांडं बाहेर काढा, दांडीच्या वर झरोका ठेवा. दांडी आठ-नऊ सेंटिमीटर रुंद आणि सपाट असली की कोंबडी बोटांवर पिसं पसरून बसते. काळं टोक चोळू नका, कापू नका. जाळीच्या छतावरचा बर्फ मात्र साचू देऊ नका. ओल्या बर्फाचा फूटभर थर एका चौरस मीटरला साठ किलोंच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त भरतो. झाडू घेऊन तो बाहेर उभं राहून पाडा, जाळीखाली जाऊन नव्हे.

प्रश्न : पानांसकट मोडलेल्या फांद्या शेळ्यांना घालू का?

उत्तर : झाड ओळखल्याशिवाय अजिबात नाही. पानं गळण्याआधी बर्फ पडला की त्याच्या भाराने फांद्या मोडतात, आणि चेरी, आलुबुखार, पीच यांची सुकत चाललेली पानं सायनाइड सोडतात. शेळी धापा टाकू लागली, तोल जाऊन पडली, तर मिनिटंही मोलाची. पशुवैद्याला लगेच बोलवा आणि उरलेल्या फांद्या तेवढ्यात कुंपणाबाहेर टाका. हिमाने करपलेल्या ज्वारीनेही असंच किराळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, लागतं. पीक पूर्ण करपल्यावर निदान सात दिवस तिथे चरायला सोडू नका, आणि बुडख्याला नवे कोंब फुटले असतील तर त्यानंतरही नाही.