एनटीएममध्ये (टीबी व कुष्ठरोगाचे सोडून त्याच कुळातल्या इतर जंतूंच्या संसर्गात) प्रतिकारशक्ती नेमकं काय करते?

वाशीतल्या तुमच्या सासूबाईंच्या थुंकीत एएफबी (सूक्ष्मदर्शकाखाली खास रंग धरून ठेवणारे, टीबीच्या कुळातले जंतू) दिसले, पण सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. सीबीनॅट फक्त टीबीचेच जंतू ओळखतं, म्हणून एनटीएमचा संशय रास्त आहे.

हे जंतू माती-पाण्यात असतातच. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात, पण मेणचट आवरणामुळे ते सहज पचत नाहीत. मग मॅक्रोफेज आयएल-१२ हा संदेश देणारा प्रथिन-रेणू सोडतात, त्यावर टी पेशी (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हा तसाच रेणू सोडतात, आणि तेव्हा कुठे मॅक्रोफेजना जंतू मारायची ताकद येते. उरलेल्या जंतूंभोवती पेशींची गाठ बांधली जाते; ती टीएनएफ या आणखी एका संदेश-रेणूमुळे टिकते. संधिवातासाठी अ‍ॅडालिमुमॅब (टीएनएफ रोखणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच! जुन्या टीबीने फुप्फुस खराब असेल, तर प्रतिकारशक्ती धडधाकट असूनही जंतू ठाण मांडतात.

वेगवेगळ्या दिवशीचे थुंकीचे किमान दोन नमुने कल्चरला (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायला) द्या. त्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नका, त्यातलेच जंतू रिपोर्टमध्ये येऊ शकतात.